घरातला जुना कॅमेरा : वापराल तर टिकेल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, अर्धा तास बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त मेंटेनन्सवर बोलू नका, त्यावर दर महिन्याला भांडणं होतातच. तर मी मेंटेनन्सवरच बोलणार आहे. पण कॅमेऱ्याच्या.

हा माझ्या हातात आहे तो यशिका इलेक्ट्रो ३५, मॉडेल जीएसएन. मागे बसलेल्यांना दिसत नसेल. भाषण झालं की मी तो फिरवणार आहे, मात्र पट्टा गळ्यात घालूनच हातात घ्यायचा. वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. पायावर पडला तर कॅमेऱ्याला काही होणार नाही, पायाचं सांगता येत नाही.

माझे काका बोटीवर होते. त्यांनी हा १९७५ साली सिंगापूरहून माझ्या वडिलांसाठी आणला. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्या काळी आमच्या चाळीत ज्याच्याकडे कॅमेरा असे, त्याच्याकडे आग्फा क्लिक थ्री असे. बारा फोटोंचा रोल, आणि ऊन असेल तरच फोटो. फिल्म बऱ्याचदा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, 'इंदू' नावाची, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात हा छत्तीस फोटोंचा, संध्याकाळीही फोटो काढणारा जपानी कॅमेरा आला. छत्तीसचा रोल आमच्याकडे गणपतीत सुरू व्हायचा, दिवाळीत निम्मा व्हायचा आणि कुणाच्या तरी मुंजीत संपायचा. सदतिसावा फोटो निघाला तर अण्णा दिवसभर खूश.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय, ते करूनच बघू. सगळ्यांनी एक हात लांब करा, अंगठा वर करा. डावा डोळा मिटून अंगठ्याकडे बघा, मग उजवा मिटून बघा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो ना? आता अंगठा नाकाजवळ आणा आणि पुन्हा करा. उडी मोठी झाली. वस्तू जितकी जवळ तितकी उडी मोठी. या कॅमेऱ्याला पुढून दोन खिडक्या आहेत, ते त्याचे दोन डोळे. आत एक अर्धपारदर्शक आरसा आहे, तो दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक टाकतो. तुम्ही मागून बघितलं की मधोमध एक पिवळसर चौकट दिसते आणि त्यात माणसाचं नाक दोनदा दिसतं. लेन्सची रिंग फिरवत जायचं. दोन नाकं एकावर एक बसली की फोकस झाला. बस्स. त्यासाठी वीज लागत नाही, सेल लागत नाही.

यात एक गंमत आहे. तुम्ही लेन्समधून बघतच नसता. त्यामुळे लेन्सवरची टोपी काढायची राहिली तरी तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत असतं. आमच्या नात्यात एका लग्नाचे मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंतचे फोटो असे टोपीसकट निघालेले आहेत. नवरदेव आज साठीचे आहेत, अजून तो विषय काढू देत नाहीत.

पण फायदाही तिथेच आहे. खिडकीत एक उजळ चौकट दिसते, फोटो तेवढ्याचाच येणार. त्या चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत असतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारी पोरं डावीकडून चौकटीत शिरणार हे तुम्हाला आधी कळतं. शिवाय बटन दाबतानाही समोरचं दिसायचं थांबत नाही. एसएलआर कॅमेऱ्यात त्या क्षणी आरसा वर जातो आणि अंधार होतो. इथे आवाजसुद्धा चुटकीपेक्षा हळू. बाळ झोपलेलं असेल तर उठत नाही.

या जातीच्या कॅमेऱ्याचं मूळ जर्मनीत आहे. वेट्झलार गावात लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेऊन हातात मावणारा कॅमेरा तयार केला. सिनेमाच्या दोन चौकटी मिळून एक फोटो, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटर. १९२५ साली तो लायका या नावाने बाजारात आला. तोपर्यंत अंतराचा अंदाज घेऊन फोकस लावायचा. १९३२ च्या लायका टू मध्ये रेंजफाइंडर लेन्सला जोडला गेला, आणि कॅमेरा डोळ्याला लावून चालता चालता फोटो काढता येऊ लागले. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ असा लायका घेऊन जगभर हिंडले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली, त्याच्या थोडा वेळ आधी ते त्यांना भेटून गेले होते. अंत्ययात्रेचे त्यांनी काढलेले फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेच असतील.

लायका तेव्हाही आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हता, आजही नाही. तो आवाका जपान्यांनी वाढवला. १९६६ साली यशिकाने इलेक्ट्रो ३५ काढला. आपण लेन्सचं तोंड किती उघडायचं तेवढं ठरवायचं, किती वेळ उजेड आत घ्यायचा ते कॅमेरा इलेक्ट्रॉनिक सर्किटने ठरवणार. सेकंदाच्या पाचशेव्या भागापासून थेट तीस सेकंदांपर्यंत. माझं हे जीएसएन मॉडेल १९७३ चं. मग १९७७ साली कोनिकाने स्वतः फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला आणि दोन नाकं जुळवायची गरजच संपत गेली. यशिका १९८३ मध्ये क्योसेरा कंपनीत गेली आणि क्योसेराने २००५ मध्ये कॅमेरे बनवणं सोडलं. म्हणजे आज या वस्तूला कंपनी नाही, सर्व्हिस सेंटर नाही, सुटे भाग नाहीत. जे काही करायचं ते आपण.

आता खरा विषय.

अण्णा २००२ साली गेले. आईने त्यांचं घड्याळ, चष्मा, पेन आणि हा कॅमेरा असं सगळं नीट पुसून, कॅमेरा त्याच्या चामड्याच्या कव्हरमध्ये घालून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. कुणाला हात लावू देत नसे. दर दसऱ्याला बाहेरूनच हळद-कुंकू. अकरा वर्षांनी तिनेच एक दिवस सांगितलं, बघ रे चालतोय का. मी कव्हर उघडलं तर चामड्यावर हिरवी बुरशी. लेन्सवर टॉर्च मारला तर आत कोळ्याचं जाळं पसरावं तसे पांढरे धागे. मागच्या झाकणाच्या खाचेत जो काळा स्पंज असतो त्याचं डांबर झालेलं. सेलच्या जागी हिरवट पूड. आईने जितकं करता येईल तितकं जपलं होतं. पण कॅमेरा जपायचा तो असा नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मला खात्री आहे, आज इथे बसलेल्या निदान दहा-बारा घरांत असाच एखादा कॅमेरा माळ्यावर किंवा कपाटात, असाच आदराने, सडत पडलेला आहे. म्हणून हा विषय घेतला.

मी तो एका दुकानात दाखवला. त्यांनी हातात न घेताच सांगितलं, भंगार आहे, शोकेसमध्ये ठेवायला आम्ही तीनशे रुपयांना घेऊ. मी तसाच फोर्टला बोरा बाजारात गेलो. तिथे विचारत विचारत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली बसणारे मेकॅनिक सापडले. वय सत्तरीच्या पुढे, पावडरच्या डब्यात स्क्रू, दाढीच्या ब्रशने धूळ झाडायची. त्यांनी कॅमेरा कानाशी धरून दट्ट्या ओढला, मग मला विचारलं, "वापरणार आहात का? कपाटात ठेवायचा असेल तर मी हात लावत नाही. माझे आता किती दिवस राहिलेत, ते मी चालणाऱ्या कॅमेऱ्यांना देतो." मी हो म्हटलं. अडीच हजार रुपये आणि पाच आठवडे लागले. बुरशी निघाली, पण एका काचेवर तिने आपली नक्षी कायमची कोरून ठेवली आहे. उजेडाच्या दिशेने फोटो काढला की किंचित धुकं येतं. बाकी उत्तम.

त्यांनी कानाशी का धरला ते ऐका, कारण हे तुम्हाला घरी तपासता येईल. इलेक्ट्रो ३५ च्या आत रबराचा एक छोटा तुकडा आहे. दट्ट्या ओढून फिल्म पुढे सरकवताना त्यामुळे 'टक्' असा एक आवाज येतो. चाळीस-पन्नास वर्षांत ते रबर विरघळतं. मग आवाज बंद होतो, दिवे कसेही लागतात आणि शटर कधी काय वेळ देईल याचा भरवसा राहत नाही. कॅमेरा जगभरातल्या बहुतेक मालकांना याच एका तुकड्याने दगा दिला आहे. आवाज येत असेल तर रबर ठीक. येत नसेल तर आत उघडून नवा तुकडा बसवावा लागतो, आणि ते काम जाणकाराचं. हा आमचा ऐका... टक्.

बुरशीचं सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते. बुरशीला साठ-पासष्टच्या वर गेलं की पुरतं. तिला हवा असतो अंधार, दमटपणा आणि न हलणारी हवा, म्हणजेच आपलं कपाट. त्यात चामड्याचं कव्हर तर तिचं माहेरच. ओल धरून ठेवतं आणि खायलाही घालतं. तेव्हा पहिलं काम, कव्हर वेगळं ठेवा, कॅमेरा वेगळा. कॅमेऱ्याला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आपण डाळी भरतो तसला, आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले किंवा नारिंगी दाणे हिरवे पडले की ते ओले झाले असं समजायचं. मंद आचेवर तापवले की पुन्हा कामाला येतात. मात्र त्यासाठी जुनी कढई वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. दोनशे-तीनशे रुपयांत छोटं आर्द्रतामापक मिळतं, तेही डब्यात ठेवा. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये असला की निवांत झोपा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने फिल्म खराब होते.

डबा ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे उजेड आणि हालचाल. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढायचा, खिडकीत तासभर ठेवायचा, लेन्सची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, दहा-बारा वेळा शटर मारायचं. आतलं ग्रीस जागच्या जागी घट्ट होतं, पातळ पात्यांवर चढतं आणि पाती चिकटतात. हलवत राहिलं तर सहसा चिकटत नाहीत. आपल्या पंपाचं जसं आहे ना, उन्हाळाभर बंद ठेवला की पहिल्या दिवशी जाम, अगदी तसंच. आणि कृपा करून शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेल पात्यांवर गेलं की शटर कायमचं बसलं. मेकॅनिक म्हणाले, त्यांच्याकडे येणाऱ्या कॅमेऱ्यांतले कितीतरी गंजाने नाही, घरच्या तेलाने गेलेले असतात.

सेलचा प्रश्न जरा वेगळा आहे. या कॅमेऱ्याचा मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा. तो आता बनत नाही, आणि बनू नये हेच बरं. पाऱ्याने काय होतं ते जपानमधल्या मिनामाता गावाने भोगलं. योगायोग बघा, ते जगाला दाखवलं एका फोटोग्राफरनेच. युजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन तिथे १९७१ पासून राहिले आणि त्यांनी त्या आजारी माणसांचे फोटो काढले. असो. आज त्या जागी ६ व्होल्टचा ४एलआर४४ नावाचा छोटा सेल चालतो. तो आखूड आणि बारीक असल्यामुळे भोवती कागदाची नळी आणि मागे एक स्प्रिंग लागते. बॉलपेनची स्प्रिंग मी वापरून पाहिली, ती कमजोर पडते. टॉर्चमधली घ्या. खालचं झाकण रुपयाच्या नाण्याने उघडतं. सेल बसला की मागचं छोटं बटन दाबा. वर आकडा दिसतो त्या खिडकीत हिरवा दिवा लागला म्हणजे झालं. दिवा नाही लागला तर टोकांवर हिरवट पूड आहे का बघा. साध्या अल्कलाइन सेलची पूड इअरबडला थोडं व्हिनेगर लावून निघते. जुन्या पाऱ्याच्या सेलला मात्र उघड्या हाताने हात लावू नका, पिशवीत बंद करून ई-कचऱ्यात द्या. आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. सेल नसेल तर हा कॅमेरा फक्त सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा फोटो काढतो. कडक ऊन असेल तर तेही चालून जातं.

मागच्या झाकणातला स्पंज मात्र तुम्ही स्वतः बदलू शकता. तो गेला की झाकणाच्या फटीतून उजेड शिरतो आणि फोटोवर नारिंगी पट्टे येतात. लोकांना वाटतं लॅबने रोल बिघडवला. जुना स्पंज आगपेटीच्या काडीने खरवडायचा, चिकटा स्पिरिटने पुसायचा, आणि खाचेत काळी लोकर दाबून बसवायची. होय, स्वेटरची. माझ्या कॅमेऱ्यात आमच्या हिने विणलेल्या मफलरमधली उरलेली लोकर आहे. चार वर्षं झाली, एक पट्टा आलेला नाही.

रेंजफाइंडर जुळलेला आहे का, हे गच्चीवरून बघता येतं. डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर बघा. लेन्स आडव्या आठच्या खुणेवर म्हणजे अनंतावर ठेवा. टॉवर एकच दिसला पाहिजे. दोन दिसले तर वरचं कव्हर काढून जुळवावं लागतं, तिथे हात घालू नका, आतल्या आरशाची कल्हई बोट लागलं तरी निघते. पण मधली पिवळी चौकट नुसती फिकट झाली असेल तर एक सोपा उपाय आहे. पुढच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर अगदी मधोमध काळ्या चिकटपट्टीचा तुरीच्या डाळीएवढा तुकडा लावा. दुसरं चित्र एकदम ठळक दिसायला लागतं.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, खिशात फोन आहे. बरोबर आहे. फोनपेक्षा याचे फोटो चांगले येतात असं मी म्हणणार नाही, रात्रीचे तर नक्कीच नाहीत. खर्चही आहे. कलर रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून मला एक फोटो चाळीस रुपयांच्या आसपास पडतो. त्यामुळे मी वर्षाला चार-पाच रोलच काढतो. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतो. रात्री काळ्या पिशवीत हात घालून फिल्म डब्यात भरायची, औषध वीस अंशांवर आणायचं. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी तीस अंशांचं असतं, म्हणून बर्फाचे खडे पिशवीत बांधून बादलीत सोडायचे. बाथरूम अर्धा तास अडतं आणि त्यावर घरात काय बोललं जातं ते इथे सांगत नाही. कलरचं काम अडतीस अंशांवर चालतं, अर्ध्या अंशाचा फरकही खपत नाही, ते मी लॅबवर सोडतो. परदेशात मुलांकडे जाणाऱ्यांसाठी एक सूचना, फिल्म विमानतळावरच्या नव्या स्कॅनरमधून जाऊ देऊ नका, हाताने तपासा म्हणून विनंती करा.

गेल्या गणपतीत मी लहान मुलांचे फोटो काढले. सगळी मला गराडा घालून, "काका, दाखवा ना!" म्हटलं, दिवाळीत दाखवतो. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. दिवाळीत पाकीट घेऊन खाली आलो तेव्हा कुणी फराळाकडे बघेना.

आता एक अलीकडची गोष्ट. बी विंगमधल्या एक वहिनी, नाव घेऊ नका असं त्यांनी सांगितलं आहे, गेल्या वर्षी दिवाळीआधी माळा साफ करत होत्या. खाली भंगारवाला उभा. त्यांच्या मिस्टरांचा कॅमेरा, कॅनन कंपनीचा कॅनोनेट, हातात घेऊन त्या जाता जाता मला विचारायला आल्या, याचे काही येतात का हो? मी वरचा आकडा बघितला. बावीस. या कॅमेऱ्यांचं मागचं झाकण उघडलं की आकडा पुन्हा सुरुवातीला जातो. बावीस दाखवतोय म्हणजे झाकण उघडलेलंच नाही, म्हणजे आत रोल आहे. रिवाइंडची मूठ हळूच फिरवून बघितली, ताण लागला. वहिनी तिथेच खुर्चीत बसल्या. मिस्टरांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.

खालचं बटन दाबून, सावकाश मूठ फिरवून रोल डबीत परत ओढून घेतला आणि मगच झाकण उघडलं. लॅबने आधीच सांगितलं, फार आशा ठेवू नका. रंग उडालेले, सगळ्यावर जांभळट झाक, दाणे रांगोळीसारखे. पण बावीसपैकी अकरा फोटो ओळखू येण्यासारखे निघाले. आपल्या सोसायटीचे. गेट बसलेलं नाही, त्या जागी दोन बांबू आडवे. पाण्याच्या टाकीवर चुना मारणारे रंगारी. आत्ता जो गुलमोहर तिसऱ्या मजल्याला टेकलाय तो कमरेएवढा, भोवती विटांचं आळं. झेंडावंदनाला उभे असलेले आपले सुरुवातीचे कमिटी मेंबर, त्यांतले दोघे आज नाहीत. वहिनींनी प्रत्येक फोटो दोनदा बघितला. मिस्टर कशातच नव्हते, फोटो तेच काढत होते ना. मग झेंडावंदनाच्या फोटोत त्यांनी बोट ठेवलं. सकाळचं ऊन, पुढे जमिनीवर एक लांब सावली, दोन्ही कोपर वर उचललेली. त्या म्हणाल्या, "हे असेच उभे राहायचे."

त्यांतला गेटचा फोटो कमिटीने स्मरणिकेसाठी मागून घेतला आहे. झेंडावंदनाचा वहिनींनी दिला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे. माळे साफ करा, पण कॅमेरा आणि निगेटिव्हची पाकिटं भंगारात टाकू नका. निगेटिव्ह जुन्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये असतील तर काढा, पावसाळ्यात ती प्लास्टिकला चिकटतात. बटर पेपरमध्ये गुंडाळून, साल आणि प्रसंग लिहून, कॅमेऱ्याच्याच डब्यात ठेवा. धरायची ती कडेने. आत काय आहे ते बघायचं असेल तर लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, निगेटिव्ह त्याच्यापासून दोन बोटं वर धरा, फोनने फोटो काढा आणि फोनमध्येच रंग उलटे करा. छापण्याइतका नसला तरी माणूस ओळखू येईल.

आणि जो कॅमेरा खरोखरच मेलेला असेल, तोही द्या. बोरा बाजारातले ते मेकॅनिक अजून बसतात, पण आता आठवड्यातून तीनच दिवस. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. सुटे भाग बनत नसल्यामुळे एका मेलेल्या कॅमेऱ्यातून दोन चालू होतात, तेवढाच त्यांचा साठा. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्यांनी मला स्पंज बदलणं, सेलचे पॉइंट घासणं आणि लेन्सचा पुढचा भाग उघडून पुसणं एवढं शिकवून घेतलं. म्हणाले, एवढं तुम्ही तिकडेच करत जा, मला फक्त शटर आणि रबराची कामं आणा. तेवढ्यासाठी मला दोन शिकाऊ हात हवे आहेत. वयाची अट नाही. नजर चांगली आणि हात न थरथरणारा पाहिजे, माझा आता थोडा थरथरतो.

सेक्रेटरीसाहेबांनी परवानगी दिली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात टॉर्च, लोकर आणि स्पिरिट घेऊन बसेन. पैसे नाहीत. ज्यांचे कॅमेरे आहेत त्यांनी घेऊन यावेत. फक्त आणण्याआधी मागचं झाकण उघडू नका. वरचा आकडा किती दाखवतोय तेवढा कागदावर लिहून आणा.

हं, आता हा फिरवतो. पहिल्या रांगेपासून. पट्टा गळ्यात.